बनी तो बनी

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण बाहेरगावचे लोक आम्हाला चिडवायला वापरतात आणि आम्ही ती पदक मिळाल्यासारखी मिरवतो. तिचा नेमका अर्थ काय, याचा विचार मी जन्मभर परभणीत राहूनही केला नव्हता. तो करावा लागला आमच्या चिरंजीवांनी कॉम्प्युटर 'बनवायला' घेतला तेव्हा.

विकत घ्यायचा नव्हता, बनवायचाच होता. "तयार घेतला तर पैशाचं चीज होत नाही, पप्पा. सुटे भाग घ्यायचे आणि घरी जोडायचे."

"म्हणजे केटरर न लावता आचारी सांगण्यासारखं."

"हो. फक्त आचारी मीच."

ज्या आचाऱ्यानं तोवर स्वतःच्या सायकलची चेनही बसवली नव्हती, त्याच्यावर पंगत सोपवायची म्हणजे धाडसच होतं. पण गेम खेळायचा कॉम्प्युटर तयार घेतला तर किंमत कुठल्या कुठं जाते, हेही त्यानं दाखवून दिलं. साठ हजार ठरले. पुढं २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात मानवतकडच्या आमच्या शेतातलं सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं राहिलं आणि कॉम्प्युटरचे दहा हजार तिथंच वाहून गेले. राहिले पन्नास.

आमच्याकडं कुठलीही मोठी खरेदी आधी क्विंटलात मोजतात. हे खातं आबांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये. त्या हिशेबानं पन्नास हजार म्हणजे नऊ क्विंटल आणि वर अडतीस किलो. पण भिजलेल्या, डागी मालाला मोंढ्यात हमीभाव कोण देतो? आबांनी बारा क्विंटल धरले आणि नातवाला म्हणाले, "बारा क्विंटलचं यंत्र हाय बाबा. दाणा न् दाणा बघून घे."

चिरंजीवांनी ते मनावर घेतलं. आडत्याच्या पट्टीच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यानं पहिली यादी केली: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. बेरीज त्र्याहत्तर हजार. दुसरी यादी एकसष्ट. तिसरीत मॉनिटरच नव्हता. "टीव्हीला जोडू," असं तो म्हणाला आणि त्याच्या आईनं मालिकांच्या वेळेचं नुसतं नाव काढल्याबरोबर चौथी यादी सुरू झाली. तीन आठवड्यांत अकरा याद्या झाल्या. लग्नाच्या याद्यांतसुद्धा माणसं इतक्यांदा कापली जात नाहीत.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळत होतं ते आबांना, आणि हीच यातली गंमत. एका संध्याकाळी नातू त्यांना सांगत होता, "आबा, प्रोसेसर सगळा हिशेब करतो अन् ग्राफिक कार्ड चित्र काढतं. एक पळणारा अन् दुसरा रेंगाळणारा घेतला, तर पळणाऱ्याला नुसतं थांबून राहावं लागतं. त्याच्यावर टाकलेले पैसे वाया."

आबांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. "औताला एक खोंड अन् एक म्हातारा बैल जुंपला की तास वाकडं जातं. त्यात काय नवीन सांगतो? जोडी बघ, जोडी. एकट्या बैलाचं वशिंड बघून भुलू नये."

तिथून यादीचं रूप पालटलं. सगळ्यात भारी काय, हा प्रश्न मागं पडला आणि कुणाशेजारी कोण शोभेल, याची चर्चा सुरू झाली. शेवटी जोडी ठरली ती अशी: इंटेलचा आय-थ्री १२१०० एफ, चार कोअर आणि आठ थ्रेडचा, २०२२ सालचा, आणि एएमडीचं आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, त्याच्या आदल्या वर्षीचं, ८ जीबी मेमरीचं. दोन्ही वयानं थोडी मोठी, पण जू दोघांच्या खांद्यावर सारखं बसणारं.

मध्ये एकदा जुनं कार्ड निम्म्या किमतीत मिळतंय, अशी बातमी आली. त्यावर चिरंजीवांनीच इतिहास सांगितला. २०२१ च्या सुमाराला लोकांनी आभासी चलन 'खणायला' ही कार्डं रात्रंदिवस जुंपली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनानं आपली पद्धतच बदलली, खणायची गरज संपली, आणि ती दमलेली कार्डं जुन्या बाजारात आली. धुऊन पुसून ठेवलेलं कार्ड किती राबलंय, ते वरून ओळखू येत नाही.

"म्हणजे घाण्याचा बैल," आबा म्हणाले. "बाजारात शिंगाला तेल लावून उभा करतेत. पण बैलाचे निदान दात तरी बघता येतेत. ह्याला दात हायेत का?"

दात नव्हते. नवंच घ्यायचं ठरलं.

आणलं कुठून, हाही एक अध्याय. देवगिरी एक्स्प्रेसच्या मुंबईच्या टोकाला लॅमिंग्टन रोड, सिकंदराबादकडच्या टोकाला चिनॉय ट्रेड सेंटर. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचे दोन मोठे बाजार एकाच गाडीवर आणि मध्ये परभणी. आम्ही दोन्हीकडं जायच्या चर्चा केल्या, डबा काय घ्यायचा इथवर आलो, आणि शेवटी काही कुरिअरनं मागवलं, काही गावातच घेतलं.

तेवढ्यात रॅम महागली. पहिल्या यादीत जिची किंमत कुणी मोजतही नव्हतं, ती दिवाळीनंतर दुपटीच्या पुढं गेली. कारण काय, तर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर अवाढव्य डेटा सेंटरं उभी राहतायत आणि मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल तिकडं वळवलाय. मला हे पटवून घ्यायला वेळ लागला. आबांना नाही. "मोठा खरेदीदार मोंढ्यात उतरला की किरकोळ गिऱ्हाइकाला उन्हात उभं राहावं लागतंय." मग ८ जीबीची एकच कांडी घेतली आणि शेजारची खाच रिकामी ठेवली, पुढच्या सुगीसाठी. गावाकडं घराच्या स्लॅबवर सळया तशाच उभ्या सोडतात ना, वरचा मजला कधीतरी होईल म्हणून, तशी.

काटकसर कुठं करायची आणि कुठं नाही, यावर मात्र घरात एकमत लवकर झालं. कॅबिनेट साधं घेतलं. काचेचं, आतून रंगीत दिवे लुकलुकणारं कॅबिनेट चिरंजीवांना फार आवडलं होतं. पण उरसातल्या पाळण्यासारखे दिवे बघायचे तर फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस आहेच की. एसएमपीएस मात्र चांगल्या कंपनीचा, खात्रीचा घेतला. तो सगळ्यांना वीज वाटतो. खेळात त्यानं एक चित्रही जास्त दिसत नाही, म्हणून पोरं पहिली कात्री त्यालाच लावतात. पण आमच्या गल्लीतला दाब कधी पंखा उडवून लावतो, तर कधी ट्यूब पेटू देत नाही. आबांचं मत एका वाक्यात होतं: "स्टार्टरवर पैसे वाचवणाऱ्याची मोटार जळते." सोबत यूपीएस घेतला. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, ही बातमी मला त्या दिवशी कळली. पगारपत्रकावरचा आकडा आणि हातात येणारा पगार, तसंच.

कूलरवरून मात्र गैरसमज झाला. "आई, कूलर वेगळा घ्यायचा नाही, प्रोसेसरच्या डब्यातच येतो," असं तो म्हणाला, आणि तिनं एवढ्याशा डब्याकडं बघून विचारलं, "ह्याच्यात पाणी कुठून भरायचं?" मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो, तेव्हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आतला पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोली चाळीसवर असली तर यंत्र चाळिसाच्या खाली यायचं कुठून? प्रोसेसर ७०-८० अंशांपर्यंत निभावतो म्हणे. परभणीच्या माणसाला अशा वस्तूविषयी आपोआप आपुलकी वाटते.

बिलावर १८ टक्के जीएसटी बघून आबा थबकले. त्याच सप्टेंबरात ट्रॅक्टरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला होता. "ट्रॅक्टर म्हणून लिवून देत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

एका रविवारी दिवाणावर जुनं बेडशीट अंथरून जोडणी झाली. प्रोसेसर खाचेत ठेवताना पोरानं श्वास रोखला होता. बारशाला बाळ पाळण्यात ठेवताना बाया धरतात तसा चेहरा. ग्राफिक कार्ड 'खट्' करून बसलं. तारा लागल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, तासही झाला. रॅम काढून बसवली, पुन्हा काढली. चिरंजीवांचे कान लाल झाले होते. बारा क्विंटल सोयाबीन दिवाणावर पंख्याच्या आवाजात गरगरत होतं आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तेव्हा त्याची आई चहा ठेवत म्हणाली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी. घ्या चहा." आणि मला ती म्हण एकदम उमगली. जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर आपण आपल्याच घरी आहोत, चहा गरम आहे, उद्या बघू.

चहा संपायच्या आत शेजारचा अकरावीतला मुलगा डोकावला. त्यानं यंत्राच्या पाठीमागं वाकून मॉनिटरची वायर एका भोकातून काढली आणि दुसऱ्यात लावली. पडदा उजळला. आम्ही वायर मदरबोर्डला लावली होती. प्रोसेसरच्या नावातल्या त्या 'एफ'चा अर्थच हा, की त्याला स्वतःला चित्र काढता येत नाही. वायर ग्राफिक कार्डालाच लागते. अकरा याद्यांवर आम्ही तो 'एफ' लिहिला होता. किंमत कमी का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मारधाडीचे खेळ नंतर आले. पहिल्या रात्री आबांसाठी म्हणून त्यानं 'फार्मिंग सिम्युलेटर' लावला. या खेळात शेत आहे, ट्रॅक्टर आहे, सोयाबीनही आहे. आबा खुर्ची ओढून बसले. पेरा सरळ गेला, तेव्हा हुंकार दिला. पाऊस सुरू झाल्यावर हार्वेस्टर काढणी करेना, तेव्हा म्हणाले, "हे बरोबर दाखवलंय." मग जरा वेळानं, "पाण्यात राहिलं की कोंब फुटतेत का ह्याच्यात?"

"नाही आबा. अन् काही बिघडलंच, तर आधी सेव्ह केलं होतं तिथून परत सुरू करायचं."

"परत? तेच साल?"

"तेच साल."

आबा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. आता ते रोज रात्री जेवण झालं की खुर्ची ओढतात. माऊसला हात लावत नाहीत, नातवाला सूचना देतात. परवा पीक कापणीला आलं होतं आणि कोपऱ्यात हवामानाचं चित्र बदललं. पोरगा हार्वेस्टर वळवायच्या घाईत होता.

"थांब," आबा म्हणाले. "ढग आल्यात. आधी सेव्ह कर."