दुकान उघडं, माल भरपूर, चौकशी बंद

काळ्या पडद्यावर हुकूम टंकून कामं उरकणाऱ्यांची एक जमात असते. मी तिच्यातला. माऊसला हात लावणं आम्हाला कमीपणाचं वाटतं. त्यामुळे पंचांगातली तिथी काढून देणारं पायथन या संगणकभाषेतलं पॅकेज, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, कुणी आयतं करून ठेवलंय का, हे बघायलाही मी टर्मिनलवर, म्हणजे त्याच काळ्या पडद्यावर, 'पिप सर्च' लिहितो; पिप म्हणजे ही पॅकेजं आणून बसवणारं साधन. उत्तर येतं, की ही सोय आता नाही, कृपया ब्राउझरमधून संकेतस्थळावर जाऊन शोधा. शब्द 'कृपया', सूर मात्र थेट सदाशिव पेठेतला.

वर 'पिप हेल्प' विचारावं, तर यादीत 'सर्च' अजून दिमाखात उभा! समोर त्याचं कामही लिहिलंय: पायपीआयवर पॅकेजं शोधणे.

पायपीआय म्हणजे या पॅकेजांचं कोठार. लाखोंनी माल, तोही फुकट. डिसेंबर २०२० पर्यंत तिथे टर्मिनलवरून विचारपूस चालायची. मग चौकश्यांचा असा लोंढा आला, की सर्व्हरला तो झेपेना आणि चालकांनी ती खिडकीच लावून घेतली. इतक्या चौकश्या हातानं टंकणारी माणसं जगात असतील, असं मला तरी वाटत नाही. कुणीतरी यंत्रं कामाला लावून स्वतः झोपलं असणार.

खरी गंमत पुढे आहे. पायथन हे नाव अजगरावरून आलेलं नाही. ते मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून आलंय. १९७२ च्या त्यांच्या एका प्रहसनात गिऱ्हाईक चीजच्या दुकानात शिरतं आणि चाळीसहून अधिक प्रकारांची नावं घेतं. दुकानदार अदबीनं एकेक नाकारतो. एक तर म्हणे मांजरानंच खाल्लेलं! शेवटी कळतं, की दुकानात चीजच नाही. पायपीआयचं जुनं लाडाचं नाव याच दुकानावरून पडलं: 'चीज शॉप'. नाव ठेवणाऱ्यांनी थट्टा केली होती. नियतीनं ती मनावर घेतली. फक्त इथे माल छतापर्यंत भरलाय, विचारायची तेवढी बंदी.

अंदाजानं नाव टंकून पॅकेज बसवावं, तर तेही धोक्याचं. २०१७ साली जावास्क्रिप्टच्या एनपीएम या कोठारात 'क्रॉस-एन्व्ह' या पॅकेजच्या नावातली आडवी रेघ गाळून एकानं तोतया पॅकेज ठेवलं होतं. रेघ विसरलात, की तुमच्या संगणकावरची गुपितं परस्पर त्याच्या घरी.

एनपीएमचा शोध मात्र टर्मिनलवरूनही चालतो. पण शोध चालला म्हणजे समाधान मिळतं, असंही नाही. तिथे 'इज-ऑड' नावाचं पॅकेज सापडतं. संख्या विषम आहे का, एवढंच ते सांगतं. शेजारीच 'इज-इव्हन' आहे. त्याला सम-विषमातलं काही कळत नाही. ते 'इज-ऑड'ला विचारतं आणि मिळालेलं उत्तर उलटं करून आपल्या नावावर पुढे पाठवतं. आमच्या कंपनीत याच पद्धतीवर एक अख्खा विभाग चालतो आणि त्याला दरवर्षी बढत्याही मिळतात.