एका विलंबद्वेष्ट्याची कैफियत

मराठवाड्याच्या माणसाला थांबण्याचे शिक्षण इतिहासानेच दिलेले आहे. देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला तरी हा मुलूख निजामाच्या अमलाखाली आणखी तेरा महिने थांबला. 2008-09 च्या अर्थसंकल्पात मंजूर झालेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाची वाट पाहता पाहता नांदेडकरांची एक पिढी शाळेतून थेट बोहल्यावर पोहोचली. आणि 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरणाचा तळ उघडा पडल्यावर लातूरकरांनी पाण्यासाठी नळाकडे नव्हे, तर रेल्वेस्थानकाकडे डोळे लावले. अशा सहनशील प्रदेशात, चाळीस मिलिसेकंदांचा विलंब असह्य होऊन मध्यरात्री कपाळावर हात मारून घेणारा मनुष्य निपजावा, ही घटना मला तरी नोंद घेण्याजोगी वाटते.

सदर इसम तिशीच्या आतबाहेरचा, अविवाहित, भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. असून लातूरच्या उद्योग भवन परिसरातील एका शिकवणीवर्गात भावी डॉक्टरांना प्रकाशाचा वेग शिकवून उदरनिर्वाह करतो. शनिवारी सायंकाळी तो यष्टीने अहमदपूर, लोहा करीत नांदेडला इतवारा भागातील वडिलार्जित घरी येतो. ही यष्टी अहमदपूरच्या स्थानकात पाऊण तास निष्कारण उभी राहिली, तरी वाहकाला ‘का हो?’ म्हणून विचारण्याची तसदी तो घेत नाही. पगार महिन्याच्या दहा तारखेऐवजी बावीस तारखेला झाला, तरी त्याच्या मुद्रेवरील प्रसन्नता ढळत नाही. मातोश्रींनी गॅसचा नंबर लावायला सांगितल्यावर स्वतः तीन दिवस लावण्यात तर त्याला काही वावगेच दिसत नाही. त्याची अधीरता सारी रात्री दहानंतर, जेवणे आटोपून घरातील दिवे मालवल्यावर, उपजते.

कारण त्या घटकेला तो ‘द विचर 3’ नावाचा खेळ खेळावयास बसतो. या खेळाची कुळकथा सांगणे अवश्य आहे. ज्या 1948 साली मराठवाडा मुक्त झाला, त्याच साली पोलंडमधील वूच शहरी जन्मलेल्या आंद्झेय सापकोव्स्की या लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांवरून वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या मंडळींनी तो रचला आणि 19 मे 2015 रोजी प्रसिद्ध केला. गेराल्ट नावाचा एक शुभ्रकेशी, मितभाषी राक्षसहंता हरवलेल्या मानसकन्येच्या शोधार्थ युद्धदग्ध प्रदेशातून घोड्यावरून हिंडतो, अशी ही कथा असून ती सावकाश आस्वादल्यास शंभर तासांहून अधिक काळ पुरते. कन्येचा शोध तातडीचा असतानाही वाटेतल्या प्रत्येक गुत्त्यात उतरून पत्त्यांचा डाव मांडण्याची मुभा गेराल्टला आहे, आणि आमचा नायक ती पुरेपूर वापरतो. हेच पत्ते त्याच्या चुलत्याने गल्लीतल्या पारावर मांडले, तेव्हा मात्र घराण्याची अब्रू धोक्यात आल्याचे त्याचे मत पडले होते. डिसेंबर 2022 मध्ये कर्त्यांनी प्रकाशकिरणांचा हिशेब बारकाईने मांडणारी सुधारित आवृत्ती काढली, आणि तिचा भार पेलणारे ग्राफिक्स कार्ड घेणे म्हणजे शिकवणीच्या मास्तराने आपल्या कित्येक पगारांवर पाणी सोडणे झाले. त्याचा लॅपटॉप तर एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा. त्यावर चार खिडक्या एकदम उघडल्या की पंख्याचा आवाज शेजारच्या बिऱ्हाडात जातो.

यावर त्याने काढलेला तोडगा लातूरच्या माणसाला चटकन समजावा असा आहे. 12 एप्रिल 2016 रोजी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी मिरजेहून लातूरला आली, तेव्हा पाणी मिरजेकडचे आणि तहान लातूरची, असा प्रकार होता. येथेही महागडे यंत्र मुंबईसारख्या दूरच्या शहरातील सर्व्हरघरात असते, खेळ तेथेच चालतो, आणि इतवाऱ्यात येते ते केवळ त्याचे चलच्चित्र. खेळाडूने कळ दाबली की तो हुकूम तिकडे जातो, तिकडे गेराल्ट तलवार उपसतो, आणि उपसलेल्या तलवारीचे चित्र आवळून बांधून इकडे रवाना होते. हे सेकंदाला साठ वेळा घडावयाचे असते, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम सतरा मिलिसेकंद येतात. जिओने या धर्तीचा प्रयोग काही वर्षांपूर्वीच केला होता. मायक्रोसॉफ्टची सेवा नोव्हेंबर 2025 मध्ये भारतात अधिकृतपणे दाखल झाली, आणि तेव्हापासून या जातीच्या इसमांना गावोगाव धुमारे फुटले.

चांगल्या चित्रासाठी सेकंदाला पंचवीस मेगाबिटांचा ओघ लागतो, म्हणजे तासाला अकरा जीबीहून अधिक. मोबाइलवरील दोन जीबींचा रोजचा शिधा अकरा मिनिटांत संपतो, हे गणित त्याने पहिल्याच रात्री घोड्यावरून उतरण्यापूर्वी सोडवले आणि दुसऱ्या दिवशी घरात फायबर घेतली. परंतु राउटर बैठकीत आणि खेळाची खोली माळवदाखाली. मध्ये दोन हात रुंदीची, पांढऱ्या मातीची जुनी भिंत. ती भेदण्यास वायफाय असमर्थ ठरल्यावर त्याने बैठकीपासून खोलीपर्यंत, दारांच्या चौकटींवरून, एक निळी लॅन-वायर ओढली. मातोश्रींनी चार दिवस तिच्याकडे संशयाने पाहिले आणि पाचव्या दिवशी तिच्यावर पापड वाळवण्याची फडकी टाकली. महावितरणची वीज गेल्यास इन्व्हर्टरवर प्रथम राउटर, मग खोलीतील दिवा, आणि बॅटरीत दम उरल्यास वडिलांचा पंखा, असा अग्रक्रम त्याने परस्पर ठरवून टाकलेला आहे.

वडील तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कुठलाही व्यवहार कागदावर कोणाच्या नावे आहे, हे पाहिल्याखेरीज त्यांना घास गोड लागत नाही. मुलगा खेळाचे पैसे वेगळे भरतो, दूरच्या यंत्राचे मासिक भाडे वेगळे, फायबरचे वेगळे, आणि इतके करून घरात वस्तू म्हणून काहीच येत नाही, हे ध्यानी आल्यावर त्यांनी एका रविवारी रीतसर जाबजबाब घेतला.

“सातबारा कोणाच्या नावावर हाय?” त्यांनी विचारले.

“अण्णा, सातबारा नसतो ह्याला. वापरायची परवानगी असते नुसती.”

“म्हंजे कूळ. मग इतक्या दिवसापासून कसायलास, कुळाच्या रकान्यात तरी नाव लागलं का?”

हैदराबाद कूळवहिवाट कायदा 1950 चा, आणि त्यातील कलमे अण्णांना अद्याप मुखोद्गत. परंतु दूरच्या यंत्रावर कसणाऱ्या कुळाला तो कायदा संरक्षण देत नाही. खुद्द गुगलने ‘स्टेडिया’ नावाची अशीच सेवा 2019 च्या नोव्हेंबरात थाटामाटाने सुरू करून 18 जानेवारी 2023 रोजी तिचे दप्तर बांधून ठेवले. गिऱ्हाइकांचे खरेदीचे पैसे परत केले, हे खरे. ही हकीकत ऐकल्यावर अण्णांनी “बेदखल केलं म्हना की,” एवढाच शेरा मारला आणि प्रकरण निकाली काढले. मला विचाराल तर या साऱ्या उद्योगाची इतकी नेमकी समीक्षा अन्यत्र माझ्या वाचनात आलेली नाही.

परंतु नायकाचा खरा स्वभाव उघडा पडतो तो पराभवाच्या क्षणी. त्याच्या मते तो आजवर एकाही राक्षसाकडून हरलेला नाही. जे काही मरण आले, ते सर्व ‘पिंग’मुळे आले. पिंग म्हणजे हुकूम जाऊन जबाब येण्यास लागणारा वेळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणून नांदेड-मुंबई हे सहाशे किलोमीटरांच्या घरातील अंतर त्याला तीन मिलिसेकंदांचे. बाकीचा विलंब चित्र बांधण्या-सोडण्यात, आडवळणाच्या मार्गात आणि घरच्या तारांत होतो. हे तो वर्गात फळ्यावर सुंदर समजावतो. घरी मात्र गेराल्टने चुकीच्या वेळी उडी मारली की दोष साऱ्या दूरसंचार व्यवस्थेचा. एकदा तर त्याने सदसद्विवेकाची जबाबदारीही तिच्यावर ढकलली. खेळात एक मद्यपी सरदार आहे, ज्याची बायको आणि लेक त्याच्या मारहाणीस कंटाळून परागंदा झालेल्या आहेत. टेकडीखालच्या झाडात कोंडलेल्या एका आत्म्याला सोडावे की ठार करावे, या गेराल्टच्या निर्णयावर त्या सरदाराचे पुढील आयुष्य अवलंबून राहते. नायकाने आत्म्याला सोडले, आणि यथावकाश सरदाराने झाडाला गळफास घेतला. दुसऱ्या दिवशी नायक जेवला नाही. मातोश्रींनी “कोण वारलं रे?” म्हणून विचारले तेव्हा तो खिन्नपणे म्हणाला, “माझ्यामुळं नाही वारला, माय. रेंज गेल्ती.”

हीच सबब पुढे त्याच्या आयुष्यात सर्वदूर पसरली. स्पर्धा परीक्षेत दोन गुणांनी गेलेली संधी, लातूरच्या स्थळाला वेळेवर न कळवलेला होकार, मित्राच्या लग्नाला लग्नघटिकेनंतर पोहोचणे, या सर्वांच्या मुळाशी कोठेतरी काहीतरी अडकल्याचे तो शांतपणे सांगतो. एवढे मात्र कबूल केले पाहिजे की जेसीबीने नाली खोदताना फायबर तोडली त्या सुटीच्या आठवड्यात, हाताशी कोणतीही सबब नसलेला हा मनुष्य सलग तीन रात्री अण्णांशी गप्पा मारीत बसला आणि कूळकायद्याची बरीच कलमे शिकला.

त्याचा एकच शत्रू खरा, आणि तो राक्षस नव्हे. घरी आलेला पाहुणा हातपाय धुऊन लोडाला टेकतो, मोबाइल काढतो आणि रील्स पाहू लागतो. त्या घटकेला पंचवीस मेगाबिटांची वाटणी होते आणि आतल्या खोलीत गेराल्टच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे पडतात. तेव्हा वाचकांपैकी कोणाचा इतवाऱ्यातील त्या घरी जाण्याचा योग आलाच, तर चहा मागावा, जेवण मागावे, उन्हाळा असल्यास माळवदावर अंथरूण घालून मुक्कामही मागावा, त्यास ना नाही. वायफायचा पासवर्ड तेवढा मागू नये, ही विनंती.