प्रस्तावित यादव

आप्पांच्या घरी चहा मिळतो, पण आधी पणजोबांचं नाव सांगावं लागतं. ते आलं नाही तर कपबशी समोर येते, बिस्किटं येत नाहीत. "पणजोबा माहीत नाही? मग जमीन कुणाच्या नावावर होती, आभाळाच्या?" असं म्हणून आप्पा चष्मा कपाळावर चढवतात. असा एकेक गृहस्थ छत्रपती संभाजीनगरच्या प्रत्येक कॉलनीत आहे. निवृत्त, मधुमेही आणि देवगिरीच्या यादवांचा वंशज. पंधरा किलोमीटरवर किल्ला उभा असताना माणसाने दुसरं व्हावं तरी काय?

आमचे आप्पा सिडकोतले. उभी नोकरी 'कडा' ऑफिसात, म्हणजे जायकवाडीचं पाणी शेतापर्यंत पोचवण्याच्या खात्यात, नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे त्यांची वंशावळ ट्रेसिंग कापडावर आहे आणि हुबेहूब कालव्याच्या नकाशासारखी दिसते. माथ्यावर धरणाच्या जागी राजा रामदेवराव, त्याखाली मुख्य कालवा, मग वितरिका, चाऱ्या, आणि पार टेलला, जिथे पाणी कधीच पोचत नाही तिथे, आप्पा. ज्या चुलतभावाशी बांधाचा दावा चालू आहे, त्याच्या चारीवर लाल शाईने 'नादुरुस्त' लिहिलेलं आहे.

खालच्या सहा पिढ्या पक्क्या आहेत. त्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीतून आल्या. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की बरोबर वही निघते आणि खापरपणजोबा कुणाकुणाला घेऊन आले होते तेही सापडतं. वरचे यादवही पक्के, ते पुस्तकातच आहेत. अडचण मधल्या पाचेकशे वर्षांची. तिथे आप्पांनी तुटक रेघ मारली आहे. मी दबकत विचारलं, तर म्हणाले, "आमच्या खात्यात तुटक रेघ म्हणजे प्रस्तावित काम."

हुकमी पत्ता म्हणजे सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव. ते घराणं स्वतःला यादवांचं वंशज म्हणवतं. जिजाऊंच्या या वडिलांना निजामशहाने 1629 मध्ये देवगिरीच्याच किल्ल्यात दग्याने मारलं. ते सांगताना आप्पांचा आवाज असा होतो की, ऐकणाऱ्याला वाटावं, सुतक अजून फिटलेलं नाही. आप्पांचं स्वतःचं आडनाव जाधव नाही. पण गाव बदललं की आडनाव बदलतं, एवढं एक वाक्य त्यांना पुरतं.

किल्ल्यावर त्यांच्याबरोबर जाऊ नये. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, तेव्हा धान्य म्हणून वर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अशी गोष्ट सांगतात. गाइड तिथवर आला की आप्पा पुढे होऊन खुलासा करतात, "कोठीवाला आपल्या भावकीतला नव्हता."

काकूंचं संशोधन निराळं. "जन्मभर फायली वागवल्यात. राजाचे कसले, हेमाडपंतांच्या कचेरीतले असाल." काकू हे चिडवायला म्हणतात, पण त्यात दम आहे. हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री, हा यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे सगळ्या दप्तराचा मुख्य. त्यानेही आपल्या ग्रंथात धन्याची वंशावळ लिहिली आणि थेट पुराणातल्या यदूपर्यंत नेली. तुटक रेघसुद्धा मारली नाही.

शेजारच्या गणिताच्या सरांनी एकदा हिशेब मांडला. सातशे वर्षं म्हणजे साधारण 28 पिढ्या. दर पिढीला आईबाप दुप्पट होतात, तेव्हा अठ्ठाविसाव्या पायरीवर पूर्वज भरतात 26 कोटी 84 लाख. त्या काळी अख्ख्या हिंदुस्थानात एवढी माणसं नव्हती. म्हणजे तेच ते पूर्वज फिरून फिरून येणार. रामदेवरावांचा वंश चालला असेल, तर गुलमंडीवरचा पानवालाही त्यात निघेल, आणि किल्ल्यावर पाणी चढवणारा पखालवाला आप्पांच्या तक्त्यात. आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असं असेल तर मुजरा कोणी कोणाला करायचा?"

एवढ्यात 2023 उजाडलं. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीचं उपोषण झालं, न्यायमूर्ती शिंदे समिती आली आणि मराठवाडाभर कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. आप्पांचा नातू तेव्हा बारावीला. कुणबी म्हणून ओबीसी दाखला मिळवायला नोंद हवी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची. आप्पांनी रामदेवरावांची गुंडाळी करून कपाटावर टाकली आणि तहसील गाठलं. खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, उर्दूतली दप्तरं, मोडीतली पानं. मोडी वाचणाऱ्याची वेळ मिळेना. ज्या लिपीचं श्रेय परंपरेने हेमाडपंतांना दिलं जातं, तिच्यासाठी यादवांचा वंशज रांगेत उभा! अखेर एका वाळवी लागलेल्या पानावर खापरपणजोबा सापडले आणि त्यांच्या नावापुढे तो एक शब्द. आप्पांनी जागेवरच त्या पानाला हात जोडले. रामदेवरावांसाठी त्यांना इतकं वाकताना मी पाहिलेलं नाही.

नक्कल लॅमिनेट होऊन भिंतीवर लागली. यादवही कपाटावरून उतरून शेजारी आले. "आप्पा, एका खिळ्यावर राजा आणि दुसऱ्यावर कुणबी, हे जमतं कसं?" असं मी विचारलं. "न जमायला काय झालं? राजाही शेतीच करायचा. दुसऱ्याच्या हातून."

आता कॉलनीतले लोक आप्पांकडे आपापले कागद घेऊन येतात. तुमच्याही माळ्यावर मोडीतलं एखादं गाठोडं असेल तर रद्दीत घालू नका, आप्पांकडे न्या. दर मात्र आधीच ऐकून ठेवा: राजा निघाला तर चहा त्यांच्याकडून, कुणबी निघाला तर पेढे तुमच्याकडून.