सरासरी वेगाची सहल

भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलने फेरी मारायची आणि वाटेत साम्रदची सांदण दरी पाहायची, असं आमच्या मित्रमंडळाने ठरवलं. निसर्गाशी एकरूप व्हायला सायकली, आणि एकरूप होताना दम लागलाच तर मागे मोटार. मोटारीत केळी, पंप आणि एका मित्राची सायकल. मित्रही त्यातच.

शेंडीहून निघालो. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई डोळ्यांसमोर, पण डोळे हँडलवरच्या पडद्यावर. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी भरपूर फोटो निघाले. सायकलींचे. मागे धूसर दिसतं ते देऊळ.

पुढच्या चढावर आम्ही लाखमोलाच्या सायकली ढकलत होतो. दुधाच्या किटल्या लटकवलेल्या, बिनगिअरच्या सायकलवरून एक आजोबा शेजारून गेले. "पंक्चर झाली का रे पोरांनो?" आम्ही एकमुखाने "हो" म्हणालो.

सांदणच्या तोंडाशी पोहोचल्यावर कळलं, इथे सायकल चालतच नाही. बेसॉल्टच्या कातळात पाण्याने चिरलेली अरुंद घळ, तळाला धोंडे, मध्येच गारठवणारं पाणी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा कातळ कापताना पाण्याला घाई नव्हती. आम्हाला होती, सरासरी घसरत होती. अकरा मिनिटांत दरी 'झाली'.

एकाचा फोन वाटेत बंद पडला, त्यामुळे त्याच्या घामाची नोंदच झाली नाही. तो पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. दरीने आपल्या वेगाची नोंद कधीच ठेवली नाही. तिचं काही अडलेलं नाही.