आधी लिहा, मग लपवा

नवा पटकथालेखक ओळखायची खूण सोपी आहे. गोष्ट सांगण्याआधी तो आजूबाजूला बघतो. वर्सोव्याच्या आरामनगरात, कटिंग हातात धरून तो आवाज खाली आणतो, ‘एक जबरदस्त वन लाइन आहे. पण आत्ता नाही सांगणार.’ समोरच्यानं विचारलेलंही नसतं. फार आग्रह केलाच तर नायकाचं गाव कळतं, मध्यंतराला काहीतरी भयंकर घडतं एवढंही कळतं. काय घडतं, ते गुलदस्त्यात.

मला या माणसाबद्दल माया वाटते. भाड्याच्या खोलीतला पंखासुद्धा ज्याचा स्वतःचा नाही, त्यानं निदान गोष्टीला तरी कडीकुलूप लावू नये का?

पंचाईत एवढीच, की कायदा वन लाइनला, म्हणजे एका ओळीतल्या कल्पनेला, ओळखच देत नाही. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी १९५६ च्या ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटावर दावा लावला होता. दोन्हीकडे प्रेम आणि त्याच्या आड येणारा प्रांतवाद. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सांगितलं, की कल्पना, विषय, कथानक यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. आनंद हरले.

थोडक्यात, जत्रेत हरवलेले दोन भाऊ कोणाच्याच बापाचे नाहीत. पण ते कशावरून भांडत होते, धाकट्यानं हात नेमका कधी सोडला आणि थोरल्यानं घरी येऊन आईला काय थाप मारली, हे तुम्ही लिहिलंत तर ते तुमचं. तेही लिहिल्या क्षणापासून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. सिनेमा नातवंडांच्या काळात निघाला तरी हरकत नाही.

नोंदणी करायची ती पुराव्यासाठी. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन पटकथा नोंदवता येते. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला, की डायरी नंबर मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. आपल्या गोष्टीवर हक्क सांगावासा वाटण्याइतकी ती कोणाला आवडावी, अशी चोरटी इच्छा त्या महिनाभरात मनात येतेच. काही जण पटकथा स्वतःलाच स्पीड पोस्टानं पाठवतात. आपणच पाठवलेलं पाकीट आपणच सही करून घेतो, तेव्हा पोस्टमन ज्या नजरेनं बघतो, ती कोणत्याही निर्मात्याच्या नजरेपेक्षा कठोर असते. कोर्टात त्या पाकिटाचं फारसं वजन पडत नाही, ते वेगळंच.

त्यापेक्षा नॅरेशन, म्हणजे निर्मात्याला पटकथा ऐकवून, झाल्यावर त्याला एक नम्र मेल टाकावी, ‘काल आपल्या ऑफिसात ऐकवलेली पटकथा सोबत जोडली आहे.’ विश्वासानं ऐकवलेली सविस्तर संकल्पना परस्पर वापरली, तर कोर्ट मनाई करू शकतं. मुंबई उच्च न्यायालयानं २००३ साली एका मालिकेच्या बाबतीत ती केलीही.

या सगळ्यात मेख एकच. मेलला जोडायला पटकथा लागते, नोंदवायलाही पटकथाच लागते. डोक्यातल्या गोष्टीवर शिक्का मारणारी खिडकी अजून कुठे उघडलेली नाही. तेव्हा शंभर पानं लिहून काढा आणि मग खुशाल सांगत सुटा. चोराला ती निदान वाचावी तरी लागतील. आणि या धंद्यात अख्खी पटकथा वाचणारा माणूस भेटलाच, तर त्याला चोर म्हणून हाकलू नका, चहा पाजा.