साडीला लागलेली चेन

गोधडीसारखे टाके घातलेली प्रवासी बॅग घरी का शिवायची, असं विचारलं की शिवणारे सांगतात, स्वस्त पडते. ते खरं नाही. जाड चेन, रनर, पट्टे, कड्या, आतला फोम यांची बेरीज केली की तेवढ्यात बाजारात तयार बॅग येते. माझ्या मते ही बॅग प्रवासासाठी शिवतच नाहीत, कपाटासाठी शिवतात. विरलेली साडी नेसता येत नाही, बोहारणीला देववत नाही, कारण ती आईची असते. पूर्वी अशा साड्यांची सोय ठरलेली होती. वर-खाली लुगडं, मध्ये धोतरांचे थर, त्यावर धावदोरा, की झाली गोधडी. आता फ्लॅटमध्ये गोधडी शिवली तर ठेवणार कुठे आणि पांघरणार कोण? बॅगेला मात्र कोणी ‘कशाला?’ म्हणत नाही. हिशेबही बघा. विमानात हाताशी नेता येणारी 55×35×25 सेंटिमीटरची बॅग धरली, तर तिचा घेर 120 सेंटिमीटर भरतो. अस्तर, खिसे आणि पायपिनीची तिरकी पट्टी धरूनही दोन मीटरच्या आसपास साडी पुरते. सहावारी असते साडेपाच मीटरची. म्हणजे उरलेल्या साडीसाठी भाचीला एक बॅग शिवणं आलं. ही बॅग शिवणारे एकीवर थांबत नाहीत, ते यामुळेच.

यावर कोणी म्हणेल, कपाटच रिकामं करायचं तर भाजीच्या पिशव्या शिवा, अर्ध्या तासाचं काम. तिथेच तर अडतं. आईच्या साडीला कात्री लावायची आणि अर्ध्या तासात मोकळं व्हायचं, हे मनाला पटत नाही. थोडं प्रायश्चित्त हवं. ते या बॅगेत भरपूर आहे. टाके घातले की कापड गोळा होतं, म्हणून आधी मोठ्या तुकड्यावर सगळे टाके, मग बेतणं. शेवटी चेनीच्या टोकाशी दोन बाजूंचे तिन्ही थर आणि वर दुमडलेली पायपिन एकाच जागी येतात. तिथे सोळा नंबरची सुई कटकन मोडते. अठरा नंबरची लावून, पायडलवरून पाय काढून, मशीनचं चाक हातानं फिरवत एकेक टाका पुढे न्यावा लागतो. त्या चार बोटं शिवणीत सगळं पाप फिटतं.

दुसरा आक्षेप अमेरिकेतून येतो. बार्बरा ब्रॅडली बेकगार्ड आणि पॅट्रिशिया मिलर या दोन मैत्रिणींना अटलांटाच्या विमानतळावर सगळ्यांचं सामान कंटाळवाणं दिसलं आणि त्यांनी 1982 साली इंडियाना राज्यात रंगीत सुती कापडाच्या अशाच बॅगा शिवून विकायला सुरुवात केली. तिथे ना गोधडी, ना जुनी साडी, चक्क धंदा. मान्य. पण त्या कंपनीचं नाव ‘व्हेरा ब्रॅडली’, आणि व्हेरा ब्रॅडली म्हणजे बार्बराबाईंच्या आई. मग बोला.

पावसात ही बॅग भिजते, हा आक्षेप मात्र खरा आहे. जुलैत कोकणात निघालेल्यानं तिच्यावर घालायला मोठी प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवावी. तीही कपाटातच मिळेल, पिशव्या भरून ठेवलेल्या पिशवीत.