करंगळीची नेमणूक

आमच्या कचेरीत माझ्या टायपिंगचा दरारा आहे. मी पत्र लिहायला बसलो की व्हरांड्यातल्या शिपायालाही कळतं. राबतात ती फक्त दोन बोटं, डावी-उजवी तर्जनी. बाकीची आठ हवेत उभी राहून देखरेख करतात. सरकारी खात्यात हे प्रमाण तसं बरंच म्हणायचं. सराव म्हणाल तर उभ्या नोकरीचा. वेग मात्र पहिल्या वर्षी होता तेवढाच. चुकाही त्याच, फक्त आता त्या सफाईने होतात.

मध्यंतरी भाची टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा द्यायची होती. घरी येऊन ती एकच ओळ बडवायची: ए एस डी एफ जी एफ.

"अगं, पत्र कधी लिहिणार?"

"मामा, आधी करंगळी."

ए हे अक्षर डाव्या करंगळीचं, असा तिथला कायदा. हातांवर रुमाल टाकलेला, खाली बघायची बंदी. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, तर्जन्यांना अंधारात घर सापडावं म्हणून. इतकी वर्षं मी त्यांना कंपनीचा नजरचुकीने राहिलेला माल समजत होतो! एकदा तिचं अक्षर अगदी बरोबर उमटलं, तरी मॅडमनी ओळ पुन्हा मारायला लावली. का? तर बोट चुकलं. मी थक्क झालो. माझ्या सरावात अक्षर उमटलं की विषय संपतो. तिच्या प्रशिक्षणात तो तिथे सुरू होतो.

हा सामना जुना आहे. 1888च्या जुलैत अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात फ्रँक मॅकगुरिन आणि लुई ट्रॉब यांच्यात टायपिंगची जाहीर चुरस झाली. ट्रॉब कळा बघून टाइप करायचा, आणि त्याचा हात चांगला बसलेला होता. मॅकगुरिनला कळपट्टी पाठ. नजर फक्त कागदावर. तो जिंकला. गैरसोयीची गोष्ट अशी, की त्याला कोणी मॅडम नव्हत्या. तो आपला आपणच शिकला होता. म्हणजे 'आमच्या वेळी क्लास कुठे होते' ही माझी सबबही गेली.

मग मीही दहा बोटं कामाला लावली. प्रशिक्षणाची खरी गोची तेव्हा कळली: सरावात माणूस आहे तिथेच सुखाने राहतो, प्रशिक्षणात आधी खाली येतो. तातडीचं चार ओळींचं पत्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरलं. व्हरांड्यातून शिपाई डोकावला, "साहेब, बरं नाही का?" इतकी शांतता त्याने ऐकलीच नव्हती.

शेवटी कामाची रीतसर वाटणी केली. तातडीची पत्रं तर्जन्यांकडे. माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या अर्जांची उत्तरं करंगळीकडे. कायद्याने 30 दिवस मिळतात. तिचा सध्याचा वेग पाहता मुदतवाढीची तरतूद असती तर बरं झालं असतं.